करून घ्या, पण कळू देऊ नका

गेल्या अंकात सोलमध्ये भाड्याचं घर कसं शोधायचं हे लिहिताना मी एक वाक्य जाता जाता टाकलं होतं. आपगुजंगच्या एका कॉफीच्या दुकानात माझ्यापुढे नाकाला पट्टी बांधलेली मुलगी उभी होती आणि रांगेतल्या कोणीही तिच्याकडे वळून पाहिलं नाही, एवढंच. डिपॉझिटच्या भानगडीवर मी इतकं पोटतिडकीनं लिहिलं, त्याबद्दल एका पत्रात एक अक्षर नाही. सगळी पत्रं त्या पट्टीवर! तेव्हा या महिन्याची उत्तरं कॉस्मेटिक सर्जरीवर. मी डॉक्टर नाही. भाषांतरं करून पोट भरते, सोलच्या दक्षिणेला बुंदांगमध्ये राहते आणि शेजारणींच्या गप्पा कान देऊन ऐकते. उत्तरं त्याच ऐपतीची आहेत.

प्रश्न: आमच्या ग्रुपवर एक फोटो फिरतो. देखणे आईबाप आणि बारीक डोळ्यांची, चपट्या नाकाची तीन मुलं. खाली मजकूर असा की बायकोनं लग्नाआधी कोरियात सर्जरी केली होती, मुलं झाल्यावर ते उघडकीला आलं आणि नवऱ्यानं तिच्यावर दावा ठोकून भरपाई मिळवली. दुसऱ्या फोटोत मिस कोरियाच्या सगळ्या स्पर्धक एकाच चेहऱ्याच्या दिसतात. यात तथ्य किती?
(निवृत्त मुख्याध्यापक, सातारा)

उत्तर: सर, पहिल्यात शून्य. तो फोटो तैवानमधल्या एका क्लिनिकच्या जाहिरातीचा आहे. आईबाप मॉडेल, मुलंही भाड्यानं आणलेली, आणि त्यांचे डोळे-नाकं संगणकावर तशी केलेली. चीनमधल्या नवऱ्याच्या दाव्याची बातमी आधीपासून फिरत होती, तिला कोणीतरी हा फोटो चिकटवला. त्यातल्या मॉडेलनं २०१५ मध्ये जाहीरपणे सांगितलं की या फोटोपायी तिची कामं गेली आणि लोक तिलाच ‘ती फसवणारी बायको’ समजायला लागले. म्हणजे या गोष्टीत खरंच कोणाचं नुकसान झालं असेल तर ते तिचं.

दुसरा फोटो २०१३ चा. त्या मुली एका प्रादेशिक फेरीतल्या होत्या, आणि फोटो इतके घासूनपुसून छापले होते की त्यांच्या आयांनीही ओळखले नसते. प्रत्यक्षात त्या वेगवेगळ्या दिसतात. ग्रुपवर हे उत्तर टाकाच. कोणी वाचणार नाही, पण टाका.

प्रश्न: कोरियन लोकांना अमेरिकनांसारखं दिसायचं असतं म्हणून ते डोळे मोठे करून घेतात, असं आमचे सर वर्गात म्हणाले. खरं का?
(इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर)

उत्तर: तुझ्या सरांच्या बाजूनं एक पुरावा आहे, तो आधी देते. कोरियन युद्ध संपल्यावर, १९५४ मध्ये, राल्फ मिलार्ड नावाचा अमेरिकन प्लास्टिक सर्जन सैन्याबरोबर इथे आला. जखमी आणि भाजलेल्यांवर उपचार करता करता त्यानं पापण्यांच्या शस्त्रक्रियाही केल्या, आणि त्यावर निबंध लिहिले. डोळे ‘पाश्चात्त्य’ करणं हे त्याच्या डोक्यात होतंच. ते निबंध आज वाचवत नाहीत.

पण डोळे मोठे दिसावेत म्हणून वरच्या पापणीवर घडी पाडायची शस्त्रक्रिया त्याच्या आधीची. जपानमध्ये मिकामो नावाच्या डॉक्टरनं १८९६ मध्येच तिच्यावर लिहिलं होतं. आणि मुख्य गोष्ट ही की ती घडी परदेशी नव्हेच. पूर्व आशियातल्या कितीतरी लोकांना ती जन्मतःच असते. माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या दोन बहिणींपैकी थोरलीला आहे, धाकटीला नाही. धाकटीला अमेरिकन व्हायचं नाहीये, तिला ताईसारखं दिसायचंय. घरात लहानपणापासून ‘मोठीचे डोळे छान’ हे ऐकत आली आहे ना.

शिवाय इथे ज्या चेहऱ्याची मागणी आहे तो गोऱ्या लोकांचा नाहीच. लहान चेहरा, खाली निमुळता होत गेलेला जबडा, सरळ भुवया. डोळ्यांखाली बारीकशी फुगीर कड असली की चेहरा हसरा आणि कोवळा दिसतो असं मानतात, म्हणून तिथे फिलरचं इंजेक्शन घेतात. अमेरिकेत डोळ्यांखालची फूग काढून टाकायला लोक पैसे मोजतात, इथे भरायला. गोऱ्या कातडीची हौसही अमेरिकन येण्याच्या कितीतरी आधीची आहे. उन्हात राबणाऱ्याचा रंग वेगळा आणि घरात बसून खाणाऱ्याचा वेगळा. हे आपल्याला कोरियानं शिकवायला नको.

प्रश्न: माझी मुलगी रांजणगावच्या एका कोरियन कंपनीत आहे, वर्षभरासाठी सोलला जायची संधी आलीय. तिचे साहेब सभ्य आहेत, पण तिकडून आलेली एक बाई पहिल्याच भेटीत तिला म्हणाली, ‘तुझे डोळे सुंदर आहेत, फक्त जबडा थोडा कमी केलास तर!’ मुलगी हसून सांगते, मला झोप नाही. तिथल्या शिकल्यासवरल्या मुली असं का करून घेतात? घरचे अडवत नाहीत का?
(एक आई, चिंचवड)

उत्तर: ताई, त्या बाईनं तुमच्या मुलीचं कौतुक केलं होतं. अर्धं तरी. चेहऱ्याबद्दल तोंडावर बोलणं इथे फारसं गैर मानत नाहीत. ‘आज थकलेली दिसतेस’, ‘वजन वाढलं का?’ हे हवापाण्यासारखं विचारतात. माझ्या कपाळावरच्या सुरकुतीबद्दल भाजीवालीनं मला क्रीम सुचवलंय. राग यायचा, आता तिच्याकडूनच कोथिंबीर घेते.

अडवत नाहीत का, असं विचारता. पुष्कळ घरांत पैसे घरचेच देतात. नोव्हेंबरात इथे सुनुंग ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा असते. आपली बारावी, जेईई आणि नीट एकाच दिवशी घेतल्यासारखी. त्या दिवशी इंग्रजीचं ऐकण्याचं प्रश्नपत्रक चालू असताना विमानंसुद्धा उतरत नाहीत, इतका तिचा दरारा. परीक्षा संपली रे संपली की क्लिनिकांच्या सवलती सुरू होतात, परीक्षेचं ओळखपत्र दाखवा आणि सूट घ्या. मुलगी कॉलेजला जायच्या आधी सूज उतरायला वेळ मिळतो. एकोणिसाच्या आतल्यांना पालकांची संमती लागते, आणि ती द्यायला बऱ्याचदा आईच शेजारी बसलेली असते. पापण्यांचं काम साधारण दहा ते वीस लाख वोनमध्ये होतं, म्हणजे आपल्या पैशांत साठ हजारांपासून सव्वा लाखाच्या आसपास. आपल्याकडे बारावीनंतर स्कूटी घेऊन देतात त्याच भावात.

आता ‘का’. इथल्या आयांना मी हे विचारलंय, आणि एकीनंही ‘सुंदर दिसावी म्हणून’ असं नुसतं सांगितलं नाही. उत्तर नोकरीवरून सुरू होतं. इथे वर्षानुवर्षं अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात फोटो चिकटवायची पद्धत. त्या फोटोंचे वेगळे स्टुडिओ आहेत. तुम्ही टी-शर्टवर जा, ते संगणकावर कोट चढवतात, केस बसवतात, एक खांदा वर असेल तर खाली आणतात. एका जागेला शेकडो अर्ज, सगळ्यांचे गुण सारखे, सगळ्यांची इंग्रजीची परीक्षा दिलेली. मग निवड कशावर होते असं त्या मुलांना वाटत असेल? चेहरा हीसुद्धा स्पर्धेतली एक पात्रता आहे, असं इथे लोक लाज न बाळगता बोलतात. दात सरळ करून घेतात तसे डोळे.

सरकारला हे कळत नाही असं नाही. २०१७ पासून सरकारी नोकऱ्यांच्या अर्जांतून फोटो, गाव, शिक्षणसंस्था काढून टाकायला सुरुवात झाली. २०१९ मध्ये कायदा बदलून खासगी कंपन्यांनाही उंची, वजन, रूप, लग्न झालंय का, आईबापांची मालमत्ता किती, असली माहिती मागायला बंदी केली, दंडासकट. (ही माहिती तोवर विचारत होते, हे लक्षात घ्या.) पण ओळख पटवण्यापुरता फोटो मागायला मनाई नाही. स्टुडिओ चालूच आहेत.

किती जणी करतात, याचा आकडाही देते, कारण ‘सगळ्याच करतात’ असं तुम्हाला कोणीतरी सांगेल. गॅलप कोरियाच्या २०१५ च्या पाहणीत १९ ते २९ वयाच्या बायकांपैकी ३१ टक्क्यांनी कॉस्मेटिक सर्जरी केल्याचं सांगितलं. दहातल्या तिघी. बराच मोठा आकडा आहे, पण सात जणींनी केलेली नव्हती हेही त्यातच आलं. तुमच्या मुलीला जाऊ द्या. परत येईल तेव्हा तिचा जबडा तोच असेल. त्वचेच्या क्रीमची मात्र एक बॅग जादा भरेल, त्याची तयारी ठेवा.

प्रश्न: ज्या देशात आईवडिलांना इतका मान, तिथे त्यांनी दिलेल्या शरीरावर सुरी चालवायला मन कसं होतं?
(वाचक, नाशिक)

उत्तर: तुमचा प्रश्न एक कोरियन आजोबा विचारतील तसाच आहे. देह, केस, कातडी आईबापांकडून मिळालेली, तिला इजा करू नये, हे कन्फ्यूशियसच्या परंपरेतलं वचन इथे शाळेत सगळ्यांच्या कानावरून जातं. एके काळी ते अक्षरशः पाळत. १८९५ मध्ये राजाज्ञा निघाली की पुरुषांनी डोक्यावरची गाठ कापून केस आखूड करावेत. लोक रडले, गावं उठली, मुंडकं उडवा पण केसाला हात लावू देणार नाही म्हणणारे विद्वान निघाले. आणि त्यांच्याच खापरपणतवंडांच्या शहरात आज आपगुजंग आणि सिन्साच्या रस्त्यांवर एकेका इमारतीत मजल्यामागून मजले क्लिनिकं आहेत.

मोडलं कसं, यावर जाडजूड पुस्तकं असतील. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ते वचन मोडलं नाही, वळवलं. इथे मुलंच आईबापांना सर्जरी भेट देतात. वय झालं की वरची पापणी लोंबते, डोळ्यावर येते, कपाळ ताणून बघावं लागतं. मग साठी-सत्तरीच्या आईची पापणी मुलगा-मुलगी वर्गणी काढून उचलून देतात, आणि त्याला चक्क मातृपितृसेवेच्या नावानं ओळखतात. आमच्या मजल्यावरच्या आजींनी गेल्या हिवाळ्यात केली. लिफ्टमध्ये काळा चष्मा लावून भेटल्या, हातात भोपळ्याच्या रसाची पाकिटं. भोपळ्यानं सूज उतरते अशी इथे पक्की समजूत. चष्मा काढून मला दाखवलं, आणि अभिमान डोळ्यांचा नव्हता, ‘धाकट्यानं सगळे पैसे दिले’ याचा होता.

राष्ट्राध्यक्षसुद्धा यात आले. २००५ मध्ये रो मू-ह्यून पदावर असताना त्यांनी पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली. कारण वैद्यकीय होतं, पापण्या उतरल्या होत्या, पण नंतर डोळ्यांवर ठळक घड्या उमटल्या आणि देशभर थट्टा झाली. थट्टाच झाली, संताप नाही. आपल्याकडे एखाद्या मुख्यमंत्र्यानं हे केलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून मी थोडा वेळ एकटीच हसले.

प्रश्न: मग तिथे लपवतात की उघड सांगतात? लग्न ठरवताना सांगावं लागतं का?
(‘नाव छापू नये’, ठाणे)

उत्तर: खरी मेख तुमच्या प्रश्नात आहे.

पापण्यांचं कोणी लपवत नाही. मुली मैत्रिणींना क्लिनिकचं नाव विचारतात, ‘गंगनम उन्नी’ नावाच्या ॲपवर दर आणि अनुभव वाचतात. गंगनम हा सोलचा क्लिनिकांनी भरलेला भाग, आपगुजंग आणि सिन्सा त्यातच; ‘उन्नी’ म्हणजे मुलीनं ताईला मारायची हाक. माझ्या ओळखीतल्या एका ऑफिसात चंद्र-नववर्षाच्या सुट्टीला जोडून रजा मागितली की साहेब नुसते मान डोलावतात. पण नाक, जबडा, आणि सगळं मिळून बदललेला चेहरा, इथे सूर पालटतो. ‘गंगनमची सुंदरी’ हे कौतुक नाही, शिवी आहे. क्लिनिकातून छापून आल्यासारखी, असा त्याचा अर्थ. एखादी गायिका प्रसिद्ध झाली की दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या वार्षिकातला फोटो शोधून काढतात आणि आत्ताच्या फोटोशेजारी लावतात. तिचं जुनं नाक सापडलं की आनंद, नाही सापडलं की ‘जन्मजात सुंदर’ असा किताब.

म्हणजे अपेक्षा अशी की चेहरा या मापात बसला पाहिजे, आणि तो बसवायला तू काही केलंस हे दिसता कामा नये. केलं नाहीस तर आळशी, स्वतःकडे लक्ष न देणारी. केलंस आणि दिसलं, तर खोटी. मला शस्त्रक्रियेपेक्षा याचा राग जास्त येतो. जी माणसं ‘जरा जबडा कमी केलास तर’ म्हणतात, तीच नंतर ‘कळतं हो केलेलं’ म्हणतात. सुरी चालवणारा डॉक्टर निदान बिल तरी देतो.

याविरुद्ध इथल्याच मुली उठल्या. २०१८ च्या सुमाराला अनेकींनी केस बारीक कापले, मेकअपचे डबे फोडून त्यांचे फोटो टाकले, आणि या सगळ्या सक्तीला त्यांनी कॉर्सेट म्हटलं, शरीर आवळणारा अंगरखा. सगळ्यांनी केलं असं नाही. ज्यांनी केलं त्यांना नोकरीवर आणि घरी बरंच ऐकावं लागलं. माझ्याकडे हिंदी शिकायला येणारी एक मुलगी त्यांच्यातली, तिचे केस अजून आखूड आहेत आणि आई अजून दर रविवारी विषय काढते. त्याच सुमाराला सोल मेट्रोनं स्टेशनांतल्या सर्जरीच्या जाहिराती टप्प्याटप्प्यानं बंद करायचं जाहीर केलं. ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या त्या जोडचेहऱ्यांना प्रवासी कंटाळले होते.

लग्नाचं म्हणाल तर नियम असा काही नाही. पापण्या सांगायचीही गरज पडत नाही. बाकीचं प्रेमविवाहात आपोआप कळतं, ठरवून केलेल्यात सासू शोधून काढते. ठाण्यात याहून वेगळं चालतं का, ते तुम्हीच मला कळवा. ‘गोरी, सडपातळ’ अशी जाहिरात वाचूनच माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो सांगलीच्या स्टुडिओवाल्यानं दोन छटा उजळ केला होता.

प्रश्न: मी परिचारिका आहे. तिथे रुग्णाला एक डॉक्टर दाखवून ऑपरेशन दुसराच करतो, असं ऐकलं. आणि आपल्याकडच्या कोणी तिकडे जाऊन नाक करून घ्यायचं म्हटलं तर?
(नागपूर)

उत्तर: बरोबर ऐकलंत. इथे त्याला भुताची शस्त्रक्रिया म्हणतात. भेटीला नावाजलेला डॉक्टर, आणि भूल चढल्यावर दुसराच. २०१६ मध्ये एका विद्यार्थ्याच्या जबड्याचं ऑपरेशन असं अर्धवट दुसऱ्याच्या हाती सोडलं गेलं, रक्तस्राव होत राहिला, आणि काही आठवड्यांनी तो गेला. त्याच्या आईनं ऑपरेशन थिएटरचं चित्रण मिळवलं, ते शेकडो वेळा पाहिलं, कोण किती मिनिटं खोलीत होतं याची नोंद केली, आणि फलक घेऊन संसदेबाहेर उभी राहिली. त्यातून २०२१ मध्ये कायदा झाला. सप्टेंबर २०२३ पासून, रुग्ण बेशुद्ध असेल अशा ऑपरेशनचं चित्रण त्यानं मागितलं तर करावंच लागतं. डॉक्टरांच्या संघटनेनं कडाडून विरोध केला होता.

बाजार माजला की काय होतं, याचा आणखी एक नमुना. २०१४ मध्ये गंगनमच्या एका क्लिनिकनं रुग्णांच्या जबड्यांची तासलेली हाडं काचेच्या मनोऱ्यात भरून दर्शनी ठेवली होती, प्रत्येक तुकड्यावर नाव. अधिकाऱ्यांनी ती काढायला लावली.

बाहेरून येणाऱ्यांना इथे तोटा नाही. २०२४ मध्ये ११ लाख ७० हजारांच्या आसपास परदेशी रुग्ण कोरियात आले, त्यातले अर्ध्याहून जास्त त्वचेच्या उपचारांसाठी, प्लास्टिक सर्जरीचा वाटा त्यामानानं लहान. तरी कोणी येणारच असेल तर एक सांगा. इथे कायद्यानं कुठलाही परवानाधारक डॉक्टर ही ऑपरेशनं करू शकतो, प्लास्टिक सर्जरीचा तज्ज्ञ असलाच पाहिजे असं नाही. पाटी कोरियन भाषेत असते आणि फरक पाटीवरच्या शब्दांच्या क्रमात लपलेला असतो. म्हणून ऑपरेशन नेमकं कोण करणार, तो तज्ज्ञ आहे का, भूलतज्ज्ञ वेगळा आहे का, हे लेखी घ्या, आणि चित्रणाची मागणी आधीच नोंदवा. दुभाषी क्लिनिकचा नको, आपला असावा. दुभाष्याला रुग्णामागे दलाली मिळत असली तर तो ‘धोका’ हा शब्द फार हळू आवाजात भाषांतरित करतो.

प्रश्न: मी सुवनला नोकरी करते. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी रजेवरून परत आलीय आणि तिचे डोळे वेगळे दिसतात. बाकी कोणी काही बोलत नाही. मी काय बोलू?
(आयटी इंजिनिअर, मूळ गाव बारामती)

उत्तर: तिनं विषय काढेपर्यंत काही नाही. ‘झोप नीट झाली वाटतं, ताजीतवानी दिसतेस’ इथवर चालेल. तिनं स्वतः सांगितलं तर ‘छान झालंय, अगदी तुझेच वाटतात’ म्हण. याहून मोठी पावती इथे नाही. क्लिनिकचं नाव विचारलंस तरी ती खूश होईल, तुला करायचं नसलं तरी. फक्त ‘अगं, तू आधीच किती छान दिसत होतीस!’ हे आपल्याकडचं ठेवणीतलं वाक्य चुकूनही नको. पैसे तिनं भरलेत, टाके परवाच निघालेत.